चार तोळ्यांची येसू

माझ्या मामीला सवत होती आणि तिचं नाव येसू होतं. ही गोष्ट आमच्या नात्यागोत्यात सगळ्यांना ठाऊक होती. सवतीचं वजन पंधरा किलोच्या आसपास, रंग काळपट करडा, माहेर जपान. आणि सोलापुरातल्या मामाच्या दोन खोल्यांच्या घरात ती १९८६ पासून टेबलावर ठाण मांडून बसली होती. सकाळी उठल्यावर मामा आधी तिच्याशी बोलायचा आणि मग दात घासायचा.

वाचकांचा गैरसमज वाढण्याआधीच खुलासा करतो. येसू म्हणजे याएसू कंपनीचा एफटी-१०१ई हा ट्रान्सीव्हर. घरबसल्या बिनतारी यंत्रावरून जगभर गप्पा मारणारे जे हौशी लोक असतात, ज्यांना 'हॅम' म्हणतात, त्यांचं हे यंत्र. आपला घरातला रेडिओ नुसता बोलतो, कुणाचं ऐकून घेत नाही. त्या बाबतीत तो आमच्या शाखेतल्या एका जुन्या साहेबांसारखा. ट्रान्सीव्हर बोलतोही आणि ऐकूनही घेतो. पेटीवरचं इंग्रजी अक्षरांतलं नाव मामीने पहिल्याच दिवशी 'येसू' असं वाचलं आणि "अगंबाई, नावसुद्धा बाईचंच!" म्हणून ती स्वयंपाकघरात निघून गेली. तेव्हापासून मामाही तिला येसूच म्हणायला लागला.

२०२३ साली मामा गेला. दुसऱ्या वर्षी दिवाळीत मामीचा मला फोन आला.

"अरे, तू बँकेत आहेस ना?"

"बावीस वर्षं आहे, मामी."

"मग ह्यांच्या त्या येसूची किंमत करून दे. माझे चार तोळे गेलेत तिच्यात. त्यांचं काय झालं ते मला एकदा कळू दे."

बँकेत असलेल्या माणसाला वस्तूंच्या किमती कळतात, असा समाजात एक दृढ समज आहे. तो काढून टाकण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. आमच्याकडे सोनं तारण ठेवायला कुणी आलं तर पारखायला सराफ येतो, घर तारण असलं तर इंजिनिअर येतो. मी फक्त त्यांनी लिहिलेला आकडा योग्य रकान्यात भरतो. बी.कॉम. झाल्यामुळे घसारा मात्र मला काढता येतो. पण मामीला नाही म्हणण्याची आमच्या घराण्यात पद्धत नाही. मी दोन दिवसांची रजा टाकली आणि सोलापूरची गाडी पकडली.

चार तोळ्यांची गोष्ट सांगायला हवी. मामा एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होता. हॅमचा परवाना त्याने ऐन तिशीत काढला. त्या काळी त्यासाठी परीक्षा असे. तारखात्यातल्यासारखी मोर्सची कडकट्टही यावी लागे. खालच्या श्रेणीला मिनिटाला पाच शब्द, वरच्या श्रेणीला बारा. मामा जेवताना वाटीवर चमच्याने मोर्स वाजवायचा. डा-डिट-डा-डिट, डा-डा-डिट-डा. याचा अर्थ 'सीक्यू', म्हणजे 'आहे का कुणी बोलायला?' मामीला वाटे, आमटी हवी आहे. ती वाढत गेली आणि परीक्षा पास होईपर्यंत मामाचं वजन चार किलोंनी वाढलं.

परवाना मिळाला, पण बोलायचं कशावरून? आयात केलेला सेट म्हणजे अंगावर जकातीचं ओझं घेऊन आलेली चैन. त्यामुळे आपल्याकडच्या हॅम मंडळींच्या दोन पिढ्या दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी भंगारावर पोसल्या. लढाई संपली आणि रणगाड्यांतले, विमानांतले बिनतारी सेट मोडीत निघाले. मुंबईच्या चोर बाजारात जाऊन वजनावर माल आणायचा, त्यातले व्हॉल्व्ह आणि कॉइल काढायच्या आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर आपला संसार नव्याने मांडायचा. मामाचा पहिला ट्रान्समीटर असाच होता. तो चालू केला की घरातले दिवे मंद होत आणि मामीच्या कपाळाला आठ्या पडत.

१९८६ साली मुंबईत बोटीवरचे एक निवृत्त रेडिओ ऑफिसर, स्वतः परवानाधारक, आपली एफटी-१०१ई विकत आहेत, अशी बातमी मामाला लागली. किंमत ११,००० रुपये, मायक्रोफोन आणि व्हॉल्व्हची एक जादा जोडी यांसकट. मामाचा पगार त्यावेळी किती होता हे मी इथे लिहीत नाही. गेलेल्या माणसाची अब्रू राखावी. सोनं तेव्हा दहा ग्रॅमला दोन हजारांच्या थोडं वर होतं. मामीच्या चार तोळ्यांच्या पाटल्या गहाण पडल्या, वरची रक्कम प्रॉव्हिडंट फंडातून निघाली. पाटल्या पुन्हा सुटून आल्या नाहीत. मामीने भांडण केलं नाही. तिने नुसतं सवतीचं नाव येसू ठेवलं आणि रोज तिच्यावरची धूळ पुसू लागली.

नावावरून आठवलं. याएसू हे तोक्यो शहरातल्या मुख्य स्टेशनाच्या पूर्वेकडच्या भागाचं नाव. ते आलं एका डच खलाशाच्या नावावरून. १६०० साली 'लीफ्दे' नावाचं एक डच जहाज मोडक्या अवस्थेत जपानच्या किनाऱ्याला लागलं. त्यावर यान योस्टेन नावाचा एक माणूस होता. तो तिथेच राहिला आणि पुढे शोगुनच्या मर्जीतला झाला. जपानी लोकांनी त्याच्या नावाची बोलता बोलता जी मोडतोड केली, ती होत होत याएसू झाली. मोडतोडीत एक टप्पा राहिला होता तो सोलापूरच्या मामीने पुरा केला. एका वल्हवत्या खलाशाचं नाव चारशे वर्षांनी आमच्या टेबलावर येऊन येसूबाई झालं. इतिहास म्हणतात तो बहुधा असाच चालत असावा.

कंपनी स्थापन करणारे साको हासेगावा हे स्वतः हॅम होते, त्यांचं बोलावण्याचं चिन्ह जेए-१-एमपी. एफटी-१०१ ची मालिका १९७० च्या सुमारास सुरू झाली आणि दशकभर जगात खपली. युरोपात ती सोमरकॅम्प एफटी-२७७ या नावाने जाई. तिचं वैशिष्ट्य म्हणजे ती अर्धी जुनी, अर्धी नवी. आत बहुतेक सगळे ट्रान्झिस्टर, पुस्तकासारखी खाचेतून ओढून काढता येणारी सर्किटं. पण शेवटी जिथे ताकद लावायची तिथे तीन व्हॉल्व्ह. आमच्या मामाच्या पिढीसारखंच. टेरिलीनची पँट घालणार, इंग्रजी सिनेमा बघणार, पण मुलीच्या लग्नाची वेळ आली की पत्रिका काढणार.

या तीनपैकी शेवटचे दोन व्हॉल्व्ह, सिक्स-जेएस-सिक्स-सी, मुळात टीव्हीसाठी बनवलेले. पडद्यावरची रेघ आडवी पळवायचं काम त्यांचं. जपान्यांनी ते स्वस्तात मिळतात म्हणून इथे बसवले. पण घरभेद्यांचा गुण सुटत नाही. १९८७ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामायण लागायला लागलं आणि पुढे एके दिवशी वाड्यातले अकरा लोक मामाच्या दारात उभे राहिले. ऐन दरबारात रावणाच्या तोंडून बदकाचा आवाज येत होता. मामाने त्यांना समजावून सांगितलं की 'सिंगल साइडबँड' पद्धतीचं बोलणं साध्या यंत्रावर असंच बदकासारखं ऐकू येतं. ते त्यांना पटलं नाही. त्यांचं म्हणणं, रावण झाला तरी तो ब्राह्मण होता. अखेर रविवारी रामायण संपेपर्यंत येसूने तोंड उघडायचं नाही असा तह झाला आणि तो मालिका संपेपर्यंत दोन्ही बाजूंनी पाळला.

तर मी सोलापुरात पोचलो. मामीने ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे ठेवली आणि मग टेबलावरचा कापडी अभ्रा काढला. अभ्रा तिनेच शिवलेला होता. मी खिशातून पेन आणि कागद काढला, चष्मा लावला आणि येसूकडे सराफासारखं बघू लागलो. बघून काही कळेना. मग मागची तार हातात घेऊन प्लग शोधू लागलो, तेवढ्यात दारातून आवाज आला, "हात काढ!"

हे मामाचे मित्र. हॅम मंडळी एकमेकांना वयाचा विचार न करता 'ओल्ड मॅन' म्हणतात, लिहिताना 'ओएम'. (बायकोला म्हणतात 'एक्सवायएल', म्हणजे 'माजी तरुणी'. हा अर्थ मामीला कळला त्या दिवशी मामा हॉटेलात जेवला.) हे काका ऐंशीला टेकल्यामुळे आता खरोखरच ओएम झाले आहेत.

"वर्षभर बंद असलेला सेट एकदम लावतोस? आणि परवाना आहे का तुझ्याकडे?"

"लावून फक्त बघत होतो, काका."

"बघायचं नंतर. हा नुसता जवळ ठेवायलासुद्धा परवाना लागतो. १९३३ चा कायदा आहे. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यानेही ती अट सोडलेली नाही."

माझ्या हातातलं पेन गळून पडलं. बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावर साधा मेमो नाही. ग्राहकाचे दोन रुपये जास्त आले तर मी त्याच्या मागे फाटकापर्यंत धावतो. आणि इथे मी बिनतारी यंत्राजवळ बसून शेंगाचटणी खात होतो.

"म्हणजे वर्षभर मी गुन्हेगार आहे होय, भावजी?" मामीने विचारलं. तिच्या आवाजात भीतीपेक्षा अभिमान जास्त होता.

"तसंच म्हणायचं, वहिनी. ह्याचा परवाना येईपर्यंत सेट माझ्याकडे नोंदवू. मी परवानाधारक आहे. ह्याला हवा असेल तर ह्याने परीक्षा द्यावी."

पूर्वी या कायद्याची धार किती होती ते काकांनी मला रिक्षात सांगितलं. येसू माझ्या मांडीवर होती आणि पंधरा किलो म्हणजे काय, हे मला पहिल्या खड्ड्यातच कळलं. १९३९ साली महायुद्ध सुरू झालं तेव्हा सरकारने हॅम मंडळींना आपापली प्रक्षेपणयंत्रं पोलिसांकडे जमा करायला लावली. सगळ्यांनीच ती इमानाने केली असती तर पुढचा इतिहास घडला नसता. १९४२ साली 'चले जाव'नंतर काही आठवड्यांतच मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी भूमिगत काँग्रेस रेडिओ सुरू केला. यंत्र उभं करायला नरिमन प्रिंटर यांच्यासारखी तंत्र जाणणारी हौशी मंडळी होती. पोलीस माग काढत म्हणून जागा सारखी बदलावी लागे. नोव्हेंबरात छापा पडला, उषाबेन पकडल्या गेल्या आणि १९४६ पर्यंत तुरुंगात राहिल्या. तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. मी बावीस वर्षांचा असताना बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरत होतो आणि फोटो कुठल्या बाजूला चिकटवायचा याची मला काळजी होती.

"कुठल्या लहरीवर बोलायचे ते, ठाऊक आहे?" काका म्हणाले. "४२.३४ मीटर. आपल्या चाळीस मीटरच्या पट्टीतच येतं ते. तुझा मामा रोज सकाळी तिथेच बसायचा. पट्टी तीच, माणसं बदलली."

काकांच्या घरी मूल्यांकन सुरू झालं. सोनं कसोटीवर घासतात एवढंच मला माहीत. इथला प्रकार बाळंतिणीला उठवण्याइतका नाजूक निघाला. काकांनी आधी वरचं झाकण काढलं आणि कंडेन्सर फुगलेत का ते एकेक करून पाहिलं. वर्षभर वीज न मिळालेले कंडेन्सर एकदम पूर्ण दाबावर टाकले तर फुटतात, म्हणून तार सरळ भिंतीत न लावता डिमरस्टॅटला लावली. शिवाय मध्ये साठ वॅटचा दिवा सिरीजमध्ये. आत कुठे शॉर्ट असला तर दिवा लख्ख पेटतो आणि सेट वाचतो. मग चाळीस व्होल्ट, साठ व्होल्ट, शंभर, असं दोन तास काका कान देऊन बसले. मीही कान दिला. मला काही ऐकू आलं नाही, पण चेहरा मी जाणकाराचा ठेवला. इन्स्पेक्शनच्या वेळची सवय.

"आता हा बघ," काकांनी चिमट्याने एक लहानसा कंडेन्सर दाखवला. "शंभर पिकोफॅरड. किंमत पाच-दहा रुपये. हा गळायला लागला की अलीकडच्या व्हॉल्व्हचा दाब पलीकडच्या दोन व्हॉल्व्हवर जातो. ते लालबुंद होतात आणि जाताना ट्रान्सफॉर्मरला घेऊन जातात. जुनी एफटी-१०१ घेतली की पहिल्यांदा हा बदलायचा."

हे तत्त्व मला ताबडतोब समजलं. आमच्याकडेही नजरचूक होते कॅशियरची आणि बदली होते मॅनेजरची.

मूल्यांकनाचे बाकीचे मुद्दे मी कागदावर उतरवून घेतले ते असे. शेवटचे दोन व्हॉल्व्ह आता कुठे बनत नाहीत. जगात शिल्लक असतील ते असतील. त्यामुळे ते जिवंत आहेत की नाहीत यावर निम्मी किंमत. ते बदलले तर नुसते खोचून भागत नाही, पुन्हा जुळवून घ्यावे लागतात, सुनेसारखे. पट्ट्या बदलायच्या खटक्याचे संपर्क काळे पडलेत का ते पाहायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधीच्या मालकाने आत काही 'सुधारणा' केल्यात का ते. काकांच्या मते सेट वयाने जितके मेले नाहीत तितके सुधारणांनी मेले. मामाने एकही सुधारणा केलेली नव्हती. आतल्या पत्र्यावर धूळही नव्हती. "ही वहिनींची," काका म्हणाले, "ब्रशने काढायच्या त्या."

संध्याकाळी दिवा काढला आणि सेट पूर्ण दाबावर आला. डायल पिवळसर उजळली. आधी खरखर, मग कुणीतरी दूरवर बदकासारखं बोलू लागलं. काकांनी गोल बटण केसभर फिरवलं आणि त्या बदकाचा एकदम सभ्य गृहस्थ झाला. काका माइकवर बोलले. दहा सेकंदांच्या आत यंत्र जुळवून घ्यावं लागतं, जास्त वेळ लावला तर व्हॉल्व्हचं आयुष्य जातं. काकांचे हात थरथरत होते, पण सहा सेकंदांत झालं. पलीकडच्या माणसाने सांगितलं, "फाइव्ह-नाइन."

ही हॅम लोकांची मूल्यांकनपद्धती. आवाज किती कळतो त्याला पाचांपैकी गुण, किती जोरात येतो त्याला नवांपैकी. पाच-नऊ म्हणजे पैकीच्या पैकी. मी फारच प्रभावित झालो. तेवढ्यात तो गृहस्थ म्हणाला, "तुमचं नाव आणि गाव पुन्हा तीनदा सांगा, काही समजलं नाही." काका हसले. म्हणाले, "सगळ्यांना पाच-नऊच देतात रे. रीत आहे ती." आमच्याकडच्या गोपनीय अहवालांत सगळ्यांना 'समाधानकारक' लिहितात त्याची मला आठवण झाली.

"चालू आहे," काका म्हणाले. "गिऱ्हाईक मिळालं तर पंधरा-वीस हजार. आता ही आणखी एक गोष्ट बघून घे." त्यांनी कपाटातून एक लांबोडकी वही काढली. "ही लॉगबुक. कुणाशी कधी बोललो ते लिहायचं असतं. तुझ्या मामाची १९९३ ची आहे. माझ्याकडेच राहिली."

हॅम लोकांचे नियम मोठे विचित्र. धंद्याचं बोलायचं नाही, राजकारण नाही, धर्म नाही, गाणी लावायची नाहीत. मराठी माणसाजवळ यानंतर बोलण्यासारखं काय उरतं? हवामान आणि अँटेना. मामाच्या वह्या अशा हवामानाने भरलेल्या होत्या. आणखी एक नियम म्हणजे तिसऱ्याचे निरोप पोचवायचे नाहीत. ती मुभा फक्त आपत्तीत.

वही ३० सप्टेंबर १९९३ च्या पानावर उघडली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून गावं झोपली आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीची जड माळवदं. झोपलेल्या माणसांवर ती आली. सुमारे दहा हजार माणसं गेली. मी त्यावेळी तेरा वर्षांचा होतो. मामा तिकडे जाऊन आला एवढंच आम्हाला माहीत होतं. त्याने कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही.

काकांनी सांगितलं. एका ओळखीच्याच्या जीपमध्ये येसूला गाद्यांत गुंडाळून घातलं. एफटी-१०१ई ला बारा व्होल्टची सोय आतच असते, मोटारीच्या बॅटरीवर चालते. पण बोलायला लागली की वीसेक अँपिअर खेचते; बॅटरी बघता बघता बसते. म्हणून मामाने दोन दिवस एक युक्ती केली. व्हॉल्व्ह तापवणारा एक वेगळा खटका या सेटला आहे. तो बंद ठेवला की सेट बोलू शकत नाही, पण ट्रान्झिस्टरवर ऐकत राहतो आणि बॅटरीला जवळजवळ काही लागत नाही. मामा रात्रभर खटका बंद ठेवून ऐकत बसे आणि ठरलेल्या वेळीच बोले. लिंबाच्या झाडापासून एका उभ्या राहिलेल्या भिंतीपर्यंत वीस मीटर तार ताणली होती. चाळीस मीटरच्या पट्टीला तेवढी लागते. पाऊस पडत होता. इकडे सोलापुरात काका आपल्या सेटवर बसलेले.

वहीत निरोप होते. १८७. मी मोजले, मोजणं माझा धंदा आहे. "आई सुखरूप. घर नाही. पैसे पाठवू नको, तू ये." "थोरला आणि वहिनी गेली. मुलं माझ्याजवळ आहेत." "दोन्ही बैल सुखरूप. माणसांचं समक्ष सांगतो." पुढे नाव, पुणे, मुंबई, सोलापूर असा पत्ता, आणि शेवटच्या रकान्यात एकेक शब्द: पोचला. पोचला. पोचला. काही ठिकाणी तो रकाना कोरा होता.

पाच-सहा पानं उलटल्यावर माझ्या लक्षात आलं की हे अक्षर मामाचं नाही. मामाचं अक्षर म्हणजे मोर्स. हे गोल, सरळ रेषेत, शिरोरेघा न तुटलेलं.

"वहिनींचं," काका म्हणाले. "इकडे लिहून घेणार कोण? माझे कान आणि हात एका वेळी चालत नाहीत. पाच दिवस इथे खुर्चीवर बसून लिहीत होत्या. मग यादी घेऊन एसटीडी बूथवर जायच्या. ज्याला फोन नाही त्याच्या घरी चालत. हे 'पोचला' त्यांनी लिहिलेत. किल्लारीच्या खाली तुझा मामा बोलत होता आणि इथे त्या होत्या. पाच दिवसांत दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. आपत्तीत घरचं बोलायचं नाही, असं त्यांनीच ठरवलेलं."

सोलापुरातून परत येताना मी गाडीत हिशेब केला. बाजारभाव पंधरा-वीस हजार. त्या चार तोळ्यांची किंमत २०२५ साली सोनं दहा ग्रॅमला लाखावर गेल्यावर साडेचार लाखांच्या वर. म्हणजे मामीला सव्वाचार लाखांच्या पुढे खोट. घसाऱ्याच्या पद्धतीने, दर साल १५ टक्के उतरत्या किमतीवर, ३९ वर्षांनी ११,००० रुपयांचे उरतात १९ रुपये ४४ पैसे. कुठल्याही पद्धतीने केलं तरी मामी बुडाली होती. १८७ निरोप कुठल्या बाजूला धरायचे, जमेला की नावे, हे बी.कॉम.ला शिकवलेलं नव्हतं.

परीक्षा मात्र मी दिली. पंचेचाळिसाव्या वर्षी ओहमचा नियम पाठ करताना मुलाने मला ज्या नजरेने पाहिलं ते सोडून देतो. पोलीस पडताळणीसाठी घरी आलेल्या हवालदाराने "रेडिओ ऐकायला परवाना कशाला?" असं विचारलं. पूर्वी आकाशवाणी ऐकायलाही पोस्टातून परवाना घ्यावा लागे, हे मी त्याला सांगायला गेलो तर त्याला माझाच संशय आला. पण परवाना आला. मी पुन्हा सोलापूरला गेलो.

"झाला का हिशेब?" मामीने विचारलं.

"झाला. पण मामी, ती वही मी पाहिली."

"बरं. किंमत किती आली ते सांग."

"बँकेत एक पद्धत आहे. वस्तू फार जुनी झाली आणि तिची किंमत काढता येईनाशी झाली, पण वस्तू तर आहे आणि ती पुस्तकातून काढून टाकायची नाही, तर तिच्यापुढे एक रुपया लिहितात."

मामी थोडा वेळ गप्प बसली. मग तिने हात पुढे केला. "दे."

मी खिशातून रुपयाचं नाणं काढून तिच्या हातावर ठेवलं. तिने ते कुंकवाच्या करंड्याजवळ ठेवलं, वही मागवून घेतली, चष्मा पुसला आणि शेवटच्या कोऱ्या ओळीवर त्याच गोल अक्षरात लिहिलं, "येसू भाच्याकडे दिली. रुपया एक." शेवटच्या रकान्यात थोडं थांबून लिहिलं, "पोचला."

मग म्हणाली, "अभ्राही घेऊन जा. तिला धूळ सोसत नाही."